बर्लिन सोडून येनाला

आज येनाच्या रहिवासी नोंदणी कार्यालयात जाऊन आले. जर्मनीत घर बदललं की 2 आठवड्यांच्या आत नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी घरमालकाचा सहीचा दाखला लागतो. गावाबरोबर परदेशी नागरिकांचं कार्यालयही बदलतं. म्हणजे माझ्या रहिवास परवान्याची फाइलही आता बर्लिनहून इकडे येणार.

बर्लिनमध्ये इतकी वर्षं राहिले, पण जर्मन कधी मनापासून बोललेच नाही. गरजच पडत नव्हती. मी अडखळले की समोरचा लगेच इंग्रजीवर यायचा. आज खिडकीपलीकडच्या बाई मात्र जर्मनच बोलत राहिल्या, हळूहळू, प्रत्येक शब्द सुटा करून. माझं विभक्तीचं गणित दोनदा चुकलं तरी थांबल्या, ऐकून घेतलं. शेवटी कागदावर शिक्का मारताना हसून म्हणाल्या, "आमच्या गावात स्वागत." बाहेर आल्यावर डोळे भरून आले. का, ते धड सांगता येणार नाही.

पस्तीस लाखांहून जास्त वस्तीच्या शहरातून मी साधारण 1 लाख वस्तीच्या गावात आलेय. इथेच 1846 मध्ये सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कार्ल त्साइसने आपली कार्यशाळा सुरू केली. 1926 पासूनचं तारांगण अजून चालू आहे. पुढच्या रविवारी तिथे जायचंय. मैत्रिणींची आठवण येते, खूप येते. संध्याकाळी साले नदीच्या काठाने चालत घरी आले. वाटेत एक आजोबा "गुटन आबेंड", म्हणजे शुभ संध्याकाळ, म्हणाले. मीही म्हणाले.