पाचटाखालची माती

आज सकाळी तात्या बांधावरून खाली उतरले, उसाच्या खोडव्यातलं (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसातलं) सरीतलं पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पायानं बाजूला सारलं आणि मूठभर माती उचलून नाकाशी नेली.

"वास आला बघ," एवढंच म्हणाले.

खाली चांगली ओल होती. बोटाएवढं गांडूळ वळवळत आत शिरलं. पलीकडच्या पाचट पेटवलेल्या रानात नुसती ढेकळं.

एकरी 3-4 टन पाचट निघतं. काडी लावली की त्यातलं नत्र धुरात जातं, कुजवलं की तेच खत. दोन वर्षांपूर्वी यावरूनच आमचं भांडण झालं होतं. "पाचट ठेवलं तर उंदीर होतील," तात्या म्हणायचे.

आज जाताना त्यांनी मूठ सोडलीच नाही. माती तशीच घरी नेली, काकूंना दाखवायला.

तुमच्याकडं यंदा कुणी कुणी पाचट ठेवलंय?