साचा पायांनी ऐकायचा

आमच्या घरी टीव्ही नेहमी मोठ्या आवाजात लागायचा. आजोबा लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्यात होते; मागाला तिथे साचा म्हणत. माझ्या नावातला ‘स’ त्यांना कधी ऐकू आला नाही, मला ते ‘अई’ म्हणायचे. जेवताना मात्र त्यांची बोटं ताटाच्या कडेवर एकसारखा ठेका धरायची. मी ध्वनी आणि व्हिडिओ घेऊन काम करायला लागले ती त्या ठेक्यामुळे. आर्ट कॉलेजात चित्रकला शिकले, पण चित्रात तो आवाज कुठे बसवायचा ते कळेना.

पोटापाण्यासाठी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. त्यातून उरलेल्या वेळात दोन वर्षं माझं पहिलं स्वतंत्र काम उभं केलं. इचलकरंजीला जाऊन धोट्यावर, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या तुकड्यावर चालणाऱ्या जुन्या यंत्रमागांचा आवाज टिपला. चार कोपऱ्यांत चार स्पीकर, भिंतीवर धावत्या धोट्याचं चित्र. धोट्याचा तो टोकदार ‘खट्’ सुटा आणि स्वच्छ ऐकू यावा म्हणून मी कित्येक रात्री जागले होते.

18 जानेवारीला, म्हणजे 1982 चा गिरणी संप सुरू झाला त्या तारखेला, चाळीजवळच्या एका सभागृहात ते दाखवायचं ठरवलं. सुमारे 2.5 लाख कामगारांचा तो संप. त्यांतले जे हयात आहेत, ते आता बहुतेक सत्तरीच्या पुढचे. तसे चौघं जण दुपारीच आले. चौघंही आजोबांच्या खात्यातले.

दिवे मालवले, आवाज सुरू केला. कॉलेजातले माझे मित्र दचकून कानांवर हात ठेवू लागले. म्हातारे मात्र शांत बसले होते. थोड्या वेळाने एकाने मला जवळ बोलावलं. “पोरी, चालू कधी करतेस?”

माझ्या पोटात खड्डा पडला. आवाज वाढवला. ते तसेच वाट पाहत बसले.

सततच्या गोंगाटाने कान जातात, ते आधी साधारण 4,000 हर्ट्झच्या आसपासच्या बारीक, तीक्ष्ण आवाजांना जातात. हे मी वाचलेलं होतं. आजोबांना माझ्या नावातला ‘स’ का ऐकू येत नाही, हेही त्यामुळेच मला माहीत होतं. तरी दोन वर्षं मी नेमका तोच ‘खट्’ घासूनपुसून काढत होते, ज्यांच्या आयुष्याचा तो आवाज त्यांच्याच कानांपर्यंत न पोहोचणारा. या माणसांचं काम मी धड कानांच्या लोकांसाठी केलं होतं. आजही ते आठवलं की मला वाईट वाटतं.

“आमच्या खात्यात आवाज हितनं यायचा,” दुसरे आजोबा म्हणाले आणि त्यांनी चप्पल काढून तळपाय दाखवला. “शेकडो साचे. जमीन हलायची. साचा बंद पडला की पायाला कळायचं.”

मंडळाच्या साउंडवाल्याला फोन केला. गणपतीनंतर त्याचे मोठे बेस स्पीकर गाळ्यात पडूनच असतात. अर्ध्या तासात तो दोन घेऊन आला. ते आडवे टाकले, तोंड वर करून, आणि त्यांवर सभागृहाचं लाकडी व्यासपीठ टेकवून चढवलं. ‘खट्’ सगळा कापला. फक्त खालचा भाग ठेवला, शंभर हर्ट्झच्या आतला, आणि तोच ठोका आठ-दहा वेळा एकावर एक रचला, प्रत्येक थोडा मागेपुढे. कारण शेकडो साचे काही एका तालात चालत नाहीत.

चौघांनी चपला काढल्या. एकमेकांचे हात धरून वर चढले. मी फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी, हळूहळू वर नेला, फळ्या थरथरू लागल्या.

ज्यांनी तळपाय दाखवला होता त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांनी समोरच्याकडे पाहून दोन बोटं उचलली आणि मनगट फिरवलं. समोरच्याने छातीवर थाप मारून काहीतरी उत्तर दिलं. खात्यात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून ते खुणांनी बोलायचे. चौघांचे हात चालू झाले. बहुतेक खुणा मला कळल्या नाहीत. एक कळली. पाच बोटं जुळवून तोंडाजवळ, मग हनुवटी वर: जेवलास का? आजोबा रातपाळीहून आले की दारातूनच मला असं विचारायचे.

दिवे लावायची वेळ टळून गेली तरी मी बटणाला हात लावला नाही.