रॉड्रिग्ज: शनिवारचा बाजार आणि सर्ज क्लेर यांची स्वायत्तता

मॉरिशसला गेलेली आपली मंडळी बहुतेक तिथूनच परततात. आम्ही पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटरवरच्या, मॉरिशसचाच भाग असलेल्या रॉड्रिग्ज बेटावर चार दिवस काढले. छोट्या विमानाने दीड तास लागतो. या विमानात सामान कमी नेता येतं, म्हणून जड बॅगा मॉरिशसलाच ठेवा. आणि बेत असा आखा की शनिवारी सकाळी पोर्ट मॅथ्युरिन या बेटावरच्या मुख्य गावात असाल.

त्या दिवशीचा बाजार पहाटेच भरतो. आठनंतर गेलात तर फारसं काही हाती लागत नाही. लिंबा-मिरच्यांची लोणची, मध, लाल घेवडा आणि दोरीवर वाळत घातलेला ऑक्टोपस. क्रिओल भाषेत त्याला 'उरीत' म्हणतात. ऑगस्टच्या मध्यापासून दोन महिने तो पकडायला बंदी असते. ही बंदी २०१२ साली इथल्याच प्रादेशिक सभेने सुरू केली, आणि ही सभा मिळवायला बेटाला कित्येक वर्षं लागली.

१९६७ साली रॉड्रिग्जच्या लोकांनी पहिल्यांदा मतदान केलं, तेव्हा जवळजवळ सगळी मतं मॉरिशसच्या स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली. इथले लोक मुख्यतः क्रिओल आणि कॅथलिक. हिंदुबहुल देशाच्या दूरच्या राजधानीत, पोर्ट लुईत, आपलं कोण ऐकणार, ही धास्ती होती. सर्ज क्लेर यांनी तिला राजकीय मागणीचं रूप दिलं. पाद्रीपण सोडून राजकारणात आलेल्या या माणसाने १९७६ साली 'ओपीआर' (रॉड्रिग्जच्या लोकांची संघटना) हा पक्ष काढला. १९८२ साली पक्षाने संसदेतल्या बेटाच्या दोन्ही जागा जिंकल्या आणि पुढे ते रॉड्रिग्जसाठीचे मंत्री झाले. फुटून निघण्याऐवजी देशात राहूनच आपला कारभार मागायचा, ही त्यांची वाट मला फार मोलाची वाटते. मॉरिशसच्या संसदेने २००१ साली कायदा केला आणि १२ ऑक्टोबर २००२ रोजी सभा अस्तित्वात आली. क्लेर पुढे दोनदा मुख्य आयुक्त झाले. म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखं पद. पैसा मात्र अजूनही बराचसा पोर्ट लुईहूनच येतो.

१२ ऑक्टोबर हा इथला स्वायत्तता दिन. तेव्हा जायचं तर राहण्याची सोय आधी करा, आणि ताजा उरीत मिळणार का, ते घरमालकिणीला विचारून ठेवा. बेट जेमतेम १०८ चौरस किलोमीटरचं, बसने आरामात फिरता येतं. पण संध्याकाळी बस लवकर बंद होतात. ३९८ मीटर उंचीच्या माँ लिमों डोंगरावर चढून गेलो, तर चहूकडे फिकट निळी खाजणं आणि त्यापलीकडे नुसता समुद्र. पोर्ट लुई इथून किती लांब आहे, ते तिथे उभं राहिल्यावर कळलं.