लाइट गेली की लायसन्स गायब: तीन आठवड्यांचा माझा अनुभव

आमचं ऑफिस कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, फौंड्रीवाल्यांच्या कास्टिंगची ड्रॉइंगं करतो. माणसं पाच, कॅडची (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरची) लायसन्स तीन, तीपण नेटवर्कवरची, म्हणजे एका पीसीवर (तोच सर्व्हर) लायसन्स वाटणारा प्रोग्राम, लायसन्स मॅनेजर, ज्यानं सॉफ्टवेअर उघडलं त्याला एक मिळतं, बंद केलं की परत जमा. बसवायचं काम एका दिवसात झालं.

अडलं ते पुढं. लाइट जाऊन सर्व्हर पीसी परत चालू झाला की त्याच्यावर बसलेल्याला लायसन्स लगेच, बाकी चौघांना मिळायचंच नाही. डीलरच्या सपोर्टला फोन केला की पोरगा रिमोटवर यायचा, फायरवॉलमध्ये (बाहेरनं येणारी कनेक्शनं अडवणारा पहारेकरी) एक पोर्ट, म्हणजे नंबरवाला दरवाजा, उघडायचा, चालू व्हायचं. परत लाइट गेली की परत तेच. तीन आठवडे! दर वेळी माणूस नवा आणि पहिला प्रश्न तोच, "सर, रिइन्स्टॉल करून बघितलं का?" तिकडं शिरोलीचं गिऱ्हाईक ड्रॉइंगसाठी खोळंबलेलं आणि आम्ही फोन कानाला लावून बसलेलो, लय चीड यायची, अजून येते.

शेवटी एका रात्री मी मॅनेजरची लॉग फाइल (तो काय काय करतो त्याची नोंद) ओळ न ओळ वाचली. मॅनेजरचा पोर्ट कायम २७०००, पण त्याच्याबरोबर कंपनीचा जो दुसरा प्रोग्राम चालतो, व्हेंडर डीमन, तो दर स्टार्टला नवीनच पोर्ट धरत होता. कालचा उघडलेला पोर्ट आज कामाचाच नाही! लायसन्स फाइलमधल्या व्हेंडरच्या ओळीच्या शेवटी पोर्ट नंबर लिहून पक्का केला, तोच आणि २७००० असे दोन्ही फायरवॉलमध्ये उघडले, झालं. त्या ओळीत पोर्ट घातला तर फाइल बाद होत नाही, सर्व्हरच्या ओळीतल्या मॅक ॲड्रेसला (पीसीच्या नेटवर्क कार्डचा नंबर) मात्र हात लावू नका. नुसतं रीरीड करून (फाइल परत वाचायला लावून) पोर्ट बदलत नाही, सर्व्हिस पूर्ण थांबवून परत चालू करा.

आणि हो, आधी फाइलची कॉपी काढून ठेवा, हे पहिलंच सांगायला पाहिजे होतं.

जेवायला जाताना सॉफ्टवेअर उघडं ठेवून लायसन्स अडवणाऱ्यांसाठी ऑप्शन्स फाइलमध्ये (लायसन्स वाटपाचे नियम लिहायची फाइल) टाइमआउट टाकलाय, ९०० सेकंद, म्हणजे १५ मिनिटं काम नसलं की लायसन्स परत जमा.

परवा दोनदा लाइट गेली, दोन्ही वेळा पाचही मशीनवरनं एकेक करून लायसन्स उचलून बघितलं, बिनबोभाट मिळालं. लय बरं वाटलं.