तुम्हाला कळलं कसं नाही?

लग्नात विचारतात, दशक्रियेलाही विचारतात. मागे साडूच्या आईच्या दशक्रियेला नाशिकच्या रामकुंडावर कावळा शिवायची वाट बघत उभे होतो, तेवढ्यात एक जण जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, एक विचारू? एका घरात राहता, मग तुम्हाला कळलं कसं नाही?" दीड वर्ष झालं, माझं उत्तर ठरलेलं आहे. आजकालची पोरं मोबाइलमध्ये काय करतात ते बापाला काय कळणार! समोरचा मान डोलावतो. त्याच्याही घरात एक पोरगं असतं.

झालं ते बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२४. मुलगा २१ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याने एका प्राध्यापिकेच्या फोटोवर लाल फुली मारली आणि फेसबुकवर टाकला. वर लिहिलं, "बाई, दिवाळीच्या आत तुमचा दाभोलकर." खाली त्यांच्या समाजाबद्दल आणखी एक ओळ होती, ती मी लिहिणार नाही. एरवी तो इन्स्टावर असतो. हे मुद्दाम फेसबुकवर टाकलं, कारण मोठी माणसं तिथे असतात. चाळीस मिनिटांनी काढलं. तोवर स्क्रीनशॉट निघाले होते.

आम्ही कुठल्या बाजूचे ते तुम्ही ओळखलंच असेल. त्यावर मी काही बोलत नाही, कारण बाजू कळली की निम्मे लोक म्हणतात "बरं झालं" आणि उरलेले म्हणतात "त्यांच्यातल्यांना का नाही धरत?" दुसरं वाक्य मीही म्हटलं आहे. वकिलांसमोर म्हटलं, वर पालघरचं उदाहरणही दिलं. २०१२ साली बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली होती. पुढे सुप्रीम कोर्टाने त्यांना लावलेलं आयटी कायद्याचं ६६अ कलमच उडवलं, मार्च २०१५ मध्ये. मग माझ्या पोरावर कसली केस?

वकील म्हणाले, "त्या मुलींनी कुणाला मारतो म्हटलं होतं का?"

मी गप्प बसलो. मग म्हणालो, पण तो थोडंच मारणार होता? साधं झुरळ मारत नाही. त्यांनी सांगितलं की धमकीच्या कलमात हा प्रश्नच येत नाही. मारायचं होतं की नव्हतं हे कोर्ट बघत नाही, समोरच्याला घाबरवायचं होतं का एवढं बघतं. भारतीय न्याय संहितेत ते ३५१ कलम आहे, ठार मारायच्या धमकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) तरीही तो गुन्हा अदखलपात्र. बाई पहिल्यांदा ठाण्यात गेल्या तेव्हा त्यांना एनसीचा कागद देऊन परत पाठवलं होतं. अदखलपात्र म्हटलं की मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय तपास नाही. पुढे त्या दुसऱ्या ओळीवरून १९६ लागलं, दोन समाजांत तेढ लावल्याचं. ते दखलपात्र, म्हणून आमच्याकडे पोलीस आले. नातेवाईक अजून हळहळतात, ती एक ओळ नसती तर एनसीवर भागलं असतं. पूर्वी मीही हळहळायचो. आता वाटतं, म्हणजे "तुला मारतो" एवढंच लिहिलं असतं तर दार वाजलंच नसतं, यात आपल्याला बरं वाटण्यासारखं काय आहे?

आता ठाण्यातलं सांगतो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे.

सकाळी दहाला गेलो. अटक केली नाही, पस्तीस-तीनची नोटीस हातात दिली, म्हणजे बोलावू तेव्हा हजर राहायचं. साहेब वयाने माझ्यापेक्षा लहान, आवाज कधी न चढवणारे. टेबलावर चहाचे दोन कप, त्यातला एक आदल्या दिवशीचा. त्यांनी पोराला विचारलं, "दाभोलकर कोण होते रे?" पोरगा म्हणाला, "पुण्याचे... पत्रकार होते बहुतेक." साहेब काही बोलले नाहीत. लिहिणाऱ्या हवालदाराने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मला त्या क्षणी आमचा जुना स्वयंपाकघराचा ओटा आठवला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वर पुलावर अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या दाभोलकरांना गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी पेपर समोर धरून मी म्हणालो होतो, "वाईट झालं, पण..." पुढे काय म्हणालो ते आठवत नाही. "पण" नक्की आठवतो. पोरगा दहा वर्षांचा, शेजारी बसून पोह्यातले शेंगदाणे वेचत होता.

मग पंचनामा. मोबाइल खाकी पाकिटात घातला, वर लाख लावली. लाख वितळल्याचा वास मला आवडतो, लहानपणी पोस्टात यायचा. असल्या वेळी माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. सह्या झाल्या, पोराला बाहेर बाकावर बसवलं. मी म्हणालो, "साहेब, खरं सांगतो, घरात आम्हाला काहीच कल्पना नव्हती." ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग फाइलमधला एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. त्याच पोस्टचा स्क्रीनशॉट, खाली ज्यांनी अंगठा दिला त्यांची यादी. वरून चौथं नाव माझं. शेजारी माझाच गोल फोटो, सप्तशृंगी गडावर काढलेला, कपाळाला कुंकू.

"काका, तुमचं नाव आम्ही कुठे घेत नाही," ते म्हणाले, "पण कल्पना नव्हती असं लिहून घेऊ का?"

मी नको म्हणालो.

आता तुम्ही म्हणाल, वाचलं होतंत का? हाच प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो. पोराने काहीही टाकलं तरी मी अंगठा देतो. गाडीचा फोटो, मिसळीचा फोटो, कुणाच्या वाढदिवसाचा बॅनर. पहिली पाळी होती, बसमध्ये उभा होतो, बोट चालवलं आणि पुढे गेलो. हे खरं आहे. पण मी अंबडच्या एका कंपनीत २६ वर्षं इन्स्पेक्शनला आहे. पार्ट न मोजता ओके मारणारा माणूस तिथे टिकत नाही. लाल फुली मला दिसली होती. "दाभोलकर" हा शब्दही दिसला असणार, कारण बसमध्ये मी हसल्याचं अंधुक आठवतं. की हे नंतर जोडलं मी? कधी वाटतं, उगाच स्वतःला फासावर चढवतोय. कधी वाटतं, नव्हतं वाचलं म्हणणं सोयीचं आहे म्हणूनच ते खरं वाटतं.

त्याच्या फोनवर पहिल्या पाच मिनिटांत बापाचा अंगठा आला. त्याने तो पाहिला असेल का, हे मी त्याला विचारलेलं नाही. घरात आम्ही तारखांबद्दल बोलतो, वकिलांच्या फीबद्दल बोलतो. सगळी पोरं असंच लिहितात, हा एकटा सापडला, असं बायको म्हणते. त्यात काही खोटं नाही. जून २०२३ मध्ये शरद पवारांना "तुमचा दाभोलकर होणार" अशी धमकी आली होती. मारलेल्या माणसाचं नाव आपल्याकडे क्रियापद झालंय. पोराने ते तयारच उचललं. कुणाकडून उचललं म्हणाल तर बोट दाखवायला शंभर जण आहेत. त्या शंभरात मी मोजायचा की नाही, एवढंच ठरत नाही.

बाईंना एकदा पाहिलं. माफी मागायला जायचं मनात होतं, वकिलांनी सक्त मनाई केली, साक्षीदारावर दबाव आणला म्हणतील. गंगेवर (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) बुधवारच्या बाजारात दिसल्या, मेथीची जुडी निवडत होत्या. मागून एक मोटरसायकल हळू झाली, गर्दीत होते तशीच. त्यांनी जुडी तशीच टाकली आणि पिशवी छातीशी धरून वळून पाहिलं. मोटरसायकलवाला टोमॅटोचा भाव विचारत होता. त्यांनी पुन्हा जुडी उचलली नाही, मेथी न घेताच गेल्या. भाजीवाली म्हणाली, "ताई हल्ली अशाच करतात."

परवा मुलाने गंगापूर धरणाचा फोटो टाकला. नवा फोन, नवं खातं. संध्याकाळचं पाणी, कडेला दोन बगळे, खाली एक ओळ. मी फोटो मोठा करून कोपरे पाहिले, ओळ दोनदा वाचली. त्यात काही नव्हतं. तरी बोट लावलं नाही.

रात्री जेवताना तो म्हणाला, "पप्पा, फोटो दिसला नाही का?"

"पाहिला," म्हटलं.