तुम्ही विचारलंत म्हणून: आमचं मूळ गाव कसं सापडलं

"तुमचे पूर्वज इंदापूर तालुक्यात कुठून आले, हे शोधलंत कसं? आणि आम्ही आमचं शोधायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करायची?" लग्नात, दहाव्याला, भावकीच्या बैठकीत हा प्रश्न मला हटकून येतो. 2023 मध्ये कुणबी नोंदींची शोधमोहीम सुरू झाली आणि घरोघरी वंशावळीचा विषय निघू लागला, तेव्हापासून तर फारच.

माझं सांगणं एकच असतं. आडनावाच्या मागे लागू नका, जमिनीच्या मागे लागा. जुन्या कागदांत आडनाव बहुतेक वेळा नसतंच. 'अमुक बिन तमुक' म्हणजे तमक्याचा मुलगा, 'अमुक कोम तमुक' म्हणजे तमक्याची बायको, एवढ्यावर काम भागलेलं असतं. माणसं गाव सोडतात, नावं बदलतात. जमिनीवर मात्र सारा बसतो, त्यामुळे कुठल्याच राजवटीनं तिची नोंद सोडलेली नाही. आमची भीमाकाठची जमीन उजनी धरणात गेली, गाव उठून माळावर आलं, पण त्या जमिनीचे कागद अजून शाबूत आहेत.

तेव्हा आधी घरातला जुन्यात जुना सातबारा काढा. त्यावर गट नंबर असेल, तर तो जमिनीचे तुकडे जोडणाऱ्या एकत्रीकरण योजनेतला आहे, त्याआधीचा सर्व्हे नंबर वेगळा होता. भूमी अभिलेख कार्यालयात 9(3) आणि 9(4) चा उतारा मागितला की कुठल्या सर्व्हे नंबरचा कुठला गट झाला ते कळतं. एकदा जुना सर्व्हे नंबर हाती आला की फेरफाराच्या, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या, नोंदी मागे मागे वाचत जायच्या. सातबाऱ्यावर ज्या नावाला कंस घातलाय, त्याच्या शेजारी वर्तुळात फेरफार नंबर असतो. तो माणूस कधी गेला, त्याच्या मागे कोण राहिलं, हे त्या फेरफारात मिळतं. एक सांभाळा: 'ए.कु.मॅ.' लिहिलेलं दिसलं तर तो एकटा मालक नव्हे, तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्या भावांची नावं त्या कागदावर नसतील, पण भाऊ होते.

आमच्याकडे या वाटेनं जाताना मी एका नोंदीपाशी थांबलो. पणजोबा मयत, वारस दोन मुलगे, दोघेही अज्ञान, म्हणजे वयात न आलेले, आणि पुढे 'अ.पा.क. आई' म्हणून पणजीचं नाव. अज्ञान पालनकर्ती. घरात कुणालाच तिचं नाव माहीत नव्हतं, सगळे 'थोरली आई' म्हणायचे. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून कोतवाल बुक पाहिलं. गावचे जन्म-मृत्यू कोतवालाच्या या वहीत मोडीत लिहिलेले असतात. 1918 च्या पावसाळ्यापर्यंत महिन्याला एखाददुसरा मृत्यू. ऑक्टोबर आला आणि पानं भरभरून वाहायला लागली. नाव, जात, वय, आणि कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ ती. त्याच पानावर पणजोबा होते, त्यांच्या वर आणि खाली शेजारच्या घरांतली माणसं. ज्या बाईनं त्या महिन्यानंतर दोन पोरं आणि ती जमीन सांभाळली, तिच्यामुळे आम्ही आहोत, आणि तिचं नाव जगाला सांगायला एक फेरफार लागला. मला हे फार लागलं, अजून लागतं.

त्याच्याही मागचा काळ इंदापूरच्या बाबतीत विशेष आहे. पेशवाई गेल्यावर प्रिंगल नावाच्या इंग्रज साहेबानं पुणे जिल्ह्यात जी मोजणी केली, तिच्यात सारा इतका चढा बसला की रयत जमिनी टाकून निघून गेली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात पुन्हा मोजणी केली आणि 1836 मध्ये हलका सारा 30 वर्षांसाठी कायम केला. पुढे मुंबई इलाख्यात पसरली ती सर्व्हे नंबरांची पद्धत याच तालुक्यातून रुजली. सारा उतरल्यावर पडीक जमीन पुन्हा वहितीला आली. आमच्या घरात 'आपण पडीक फोडायला आलो' एवढंच सांगत, ते याच्याशी जुळतं. पेशवाईतही ओसाड जमिनीवर कौल, म्हणजे सवलतीचा करार, देऊन लोक आणून बसवत. बाहेरून आलेला तो उपरी, गावचा जुना तो मिरासदार. एखादं घराणं बुडालं की त्याची जमीन गतकूळ, म्हणजे बिनवारस, व्हायची आणि नव्या माणसाला मिळायची. तेव्हा 'आम्ही दुर्गादेवीच्या दुष्काळात आलो' असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या, पण वहीत लिहू नका. तो दुष्काळ प्रत्येक घराण्याच्या वाट्याला आलेला असतो.

मोडी येत नसेल तर शिका. वर्ग चालतात, आणि नेटानं रोज बसलं तर नोंदी वाचण्यापुरती मोडी लवकर येते. सन फसली, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेतला, असेल तर 590 मिळवा, इसवी सन येतो. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, पण गाव पक्कं ठाऊक झाल्याशिवाय तिथं जाऊ नका. कागदांत हरवून जाल.

मूळ गाव मात्र आम्हाला सरकारी कागदात सापडलं नाही. भावकीतल्या म्हाताऱ्या बायकांना मी विचारलं, आपल्याला सुतक कुणाकुणाचं? त्यांनी घरं मोजून सांगितली, आणि त्यात पुरंदरच्या बाजूच्या एका गावातलं एक घर निघालं, ज्याच्याशी आमचं जाणं-येणं कधीच तुटलेलं. पुरुषांपैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. पणजीचं माहेरही असंच कळलं, थोरल्या आत्याला आठवत होतं की बाळंतपणाला चोळी-लुगडं कुठून यायचं. हे विचारायचं राहून गेलं तर कुठल्याच कचेरीत मिळणार नाही, म्हणून कार्यालयाच्या चकरा नंतर, आधी घरातल्या आत्या, मावश्या, चुलत्या गाठा.

पुढे नाशिकला गेलो. रामकुंडावरच्या आमच्या उपाध्यांनी गाव आणि आडनाव विचारून वही काढली. आमच्यातलाच कुणी अस्थी घेऊन आला असताना लिहून गेला होता: मूळ गाव तेच पुरंदरच्या बाजूचं, हल्ली वस्ती इंदापूर तालुका.

त्या गावी भावकी आहे. त्यांच्याकडे हेळव्यानं, म्हणजे गावोगाव फिरून वंशावळी सांगणाऱ्यानं, सांगितलेली वंशावळ एका जाड वहीत उतरवून ठेवलीय. वरची चार नावं आमच्याशी जुळतात, पाचवं जुळत नाही. आमच्या बाजूला थोरला कोण, धाकटा कोण, याचा घोळ असावा, म्हणून आता त्या गावचं कोतवाल बुक मागितलं आहे. आणि दोन्ही वह्यांत बायकांची नावं नाहीत, ती मी आमच्या वहीत प्रत्येक पुरुषाच्या शेजारी, माहेरच्या गावासकट, लिहीत चाललो आहे.