छातीवरचं वटवाघूळ

१९८९ साली बॅटमॅनच्या सिनेमाचं जे पहिलं पोस्टर अमेरिकेत लागलं, त्यावर सिनेमाचं नावच नव्हतं. काळ्या पार्श्वभूमीवर एक चकचकीत सोनेरी लंबगोल, त्यात पंख पसरलेलं काळं वटवाघूळ आणि खाली तारीख, २३ जून. संपलं. चित्र अँटन फर्स्ट यांचं. त्या सिनेमातलं अख्खं गॉथम, म्हणजे बॅटमॅनचं शहर, त्यांनीच उभं केलं आणि कलादिग्दर्शनाचं ऑस्करही मिळवलं.

या चित्राची गंमत म्हणजे बघणाऱ्यांत हमखास दोन तट पडतात. एका तटाला सरळ वटवाघूळ दिसतं. दुसऱ्याला दिसतो आ वासलेला जबडा: वरून दोन सोनेरी दात खाली आलेत, खालून चार वर आलेत आणि मधे काळा घसा. मी दुसऱ्या तटातली. आमच्याकडे हे चिन्ह सिनेमाच्या आधी टी-शर्टांवरून आणि कंपासपेटीवरच्या स्टिकरांवरून पोचलं. बॅटमॅन कोण हे नीट कळायच्या आधी तो जबडा माझ्या ओळखीचा झाला होता. वटवाघूळ आहे म्हणून कुणी बोट ठेवून दाखवलं की तेवढ्यापुरतं दिसतं, नजर हलली की पुन्हा दात. दादाला मात्र जबडा कधीच दिसला नाही. आमच्यातला हा वाद अजून मिटलेला नाही आणि मिटावा अशी दोघांचीही इच्छा नाही.

मुळात हे चिन्ह काढलं होतं ते भीती घालायला. बॅटमॅन पहिल्यांदा आला तो मे १९३९च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ या चित्रकथांच्या मासिकात, २७व्या अंकात. चित्रकार बॉब केन यांनी आधी काढलेला गडी लाल कपड्यांतला होता. डोळ्यांपुरता मुखवटा आणि पाठीला ताठ पंख. लेखक बिल फिंगर यांनी तो पाहून सुचवलं की पंखांऐवजी केप दे, डोकं झाकणारा कानांचा मुखवटा दे, लाल काढून करडा रंग घाल. म्हणजे आज आपण ज्याला बॅटमॅन म्हणतो तो बराचसा फिंगर यांचा. पण छापलं जायचं ते एकट्या केन यांचं नाव. फिंगर १९७४ साली वारले आणि त्यांचं नाव केन यांच्या शेजारी अधिकृतपणे लागायला २०१५ उजाडलं. चिन्हाची इतकी जपणूक करणाऱ्या धंद्यात माणसाच्या नावाची ही तऱ्हा.

तर त्या पहिल्या बॅटमॅनच्या छातीवर एक छोटीशी काळी आकृती होती. लंबगोल नाही, पिवळा रंग नाही. चित्रकारही तिच्याबाबत फारसा काटेकोर नव्हता, एका चौकटीत पंख लांब तर दुसऱ्या चौकटीत आखूड. तिचा अर्थ कळला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, ३३व्या अंकात. आईवडिलांचा खून झालेला ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, मोठा होऊन, अंगमेहनत करून, अभ्यास करून तयार झालाय. गुन्हेगार भित्रे असतात, शकुन-अपशकुन मानणारे असतात, तेव्हा त्यांच्या उरात धडकी भरेल असं सोंग कुठलं घ्यावं, याच विचारात तो रात्री बसलाय. इतक्यात उघड्या खिडकीतून एक वटवाघूळ आत येतं. ठरलं!

हा प्रसंग वाचताना मला नेहमी आमचं घर आठवतं. आमच्याकडे खिडकीतून वटवाघूळ आत आलं की पहिल्यांदा पंखा बंद व्हायचा, मग बायकापोरं आतल्या खोलीत, मग कुणीतरी टॉवेल घेऊन आणि कुणीतरी केरसुणी घेऊन. ते बाहेर गेल्यावर आजी देवापाशी दिवा लावायची आणि दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, काहीतरी वाईट होणार. ते बघून नवीन कपडे शिवावेत असं आमच्यात कुणाला सुचलं नाही. ज्याला सुचलं तो अब्जाधीश होता, हेही आहे म्हणा.

पण भीतीचं काम या चिन्हाला झेपलं नाही. गोष्टीतल्या चोरांना भीती वाटत असेल, पण वाचणाऱ्या पोरांना ते जाम आवडलं. १९४२ साली ते छातीवरून उडून आकाशात गेलं: पोलिसांनी मोठा दिवा लावायचा, ढगांवर वटवाघळाची सावली पडायची, की बॅटमॅन हजर. म्हणजे तीनच वर्षांत धमकीचं झालं बोलावणं. शहरातल्या भल्या माणसांनी ते बघून हुश्श करायचं.

१९६४ साली तर कमालच झाली. बॅटमॅनच्या अंकांचा खप तेव्हा रोडावला होता. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ आणि चित्रकार कार्माइन इन्फँटिनो यांनी त्याला नवं रूप द्यायचं ठरवलं आणि मे महिन्याच्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्ये, ३२७व्या अंकात, वटवाघळाभोवती पिवळाधमक लंबगोल आला. आकाशातला तो दिवाच जणू आता छातीवर लावलेला. दोन वर्षांनी, जानेवारी १९६६मध्ये, अमेरिकेच्या टीव्हीवर अ‍ॅडम वेस्ट या नटाची बॅटमॅन मालिका सुरू झाली आणि तो लंबगोल घरोघरी गेला. मालिका १९६८पर्यंत चालली, १२० भाग. त्यातला बॅटमॅन दिवसाढवळ्या हिंडतो, नाचतोसुद्धा, आणि मारामारीत पडद्यावर धाड-धूड अशी रंगीत अक्षरं उमटतात. भीतीचा मागमूस नाही. गंभीर वाचकांचा या मालिकेवर पुढे फार राग होता. मला ती आवडते. ज्याच्या छातीवर पिवळा दिवा आहे त्याने उगाच तोंड पाडून बसू नये.

पुढच्या चित्रकारांनी बॅटमॅनला पुन्हा रात्रीत नेलं, गंभीर केलं, पण लंबगोल तसाच राहिला. त्यामुळे एक साधा प्रश्न उभा राहिला: ज्याला अंधारात लपून वार करायचाय तो छातीवर असं भडक पिवळं काही लावून का हिंडतो? बावीस वर्षं याला उत्तर नव्हतं. ते १९८६ साली लेखक-चित्रकार फ्रँक मिलर यांनी दिलं. त्यांच्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या कॉमिकमधला बॅटमॅन म्हातारा आहे, निवृत्तीतून परत आलाय. त्याच्या छातीवर, बरोबर चिन्हावर, गोळी लागते आणि तरी तो उठतो, कारण आत चिलखत आहे. मग तोच सांगतो की डोक्याला चिलखत घालता येत नाही, म्हणून छातीवर निशाणा काढून ठेवलाय. मारणाऱ्याने तिथेच मारावं म्हणून.

बॅटमॅनच्या आठ-नऊ दशकांत मला सगळ्यात आवडलेली युक्ती ही. खपासाठी केलेल्या रंगरंगोटीला मिलर यांनी मागाहून असं काही कारण जोडलं, की तो लंबगोल पहिल्यापासून त्यासाठीच होता असं वाटावं. आणि हे सांगून झाल्यावर लंबगोल काढूनच टाकला! पुढच्या भागांत त्यांच्या बॅटमॅनच्या छातीवर नुसतं काळं, जाडजूड, छातीभर पसरलेलं वटवाघूळ आहे. २०१६च्या सिनेमात बेन अ‍ॅफ्लेकच्या छातीवर आलं ते हेच. कॉमिकमधल्या नेहमीच्या बॅटमॅननेही २०००च्या सुमारास लंबगोल उतरवला. मधे १९९५ आणि १९९७च्या सिनेमांत त्याच्या रबरी चिलखताला स्तनाग्रंही काढली होती. त्यामागचं कारण शोधायच्या भानगडीत मिलरसुद्धा पडले नसते.

एकूण काय, दर पिढीचे चित्रकार त्या वटवाघळात पुन्हा भीती भरू पाहतात: पिवळा काढ, कान आखूड कर, पंखांना धार आण. आणि दर पिढीतली पोरं ते वटवाघूळ पोटाशी धरून झोपतात. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारांतून बाहेर आलेल्या पाच वर्षांच्या एका मुलाला एक दिवस बॅटमॅन व्हायचं होतं. आजारी मुलांच्या इच्छा पुऱ्या करणाऱ्या संस्थेने बेत आखला आणि सारं शहर रस्त्यावर आलं. एवढासा बॅटमॅन, छातीवर तेच चिन्ह, भोवती टाळ्या वाजवणारे हजारो लोक. १९३९च्या हिशेबाने बघितलं तर सपशेल फसलेलं चिन्ह.

वटवाघूळ म्हणजे भीती हे तरी कुणी ठरवलं? स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात ते शहराच्या मानचिन्हावर आहे. १२३८ साली राजा जाउमेने शहर घेतलं तेव्हा एक वटवाघूळ त्याच्या तळावर येऊन बसलं आणि त्याने यश दिलं, अशी तिथली आख्यायिका. तिथल्या फुटबॉल क्लबच्या बिल्ल्यावरही म्हणूनच वटवाघूळ. क्लब १९१९चा, म्हणजे बॅटमॅनहून वीस वर्षांनी थोरला. तरी क्लबने वटवाघळाची नवी आकृती नोंदवायला घेतली तेव्हा बॅटमॅन छापणाऱ्या डीसी कॉमिक्स कंपनीने युरोपात हरकत घेतली, की ही आमच्यासारखी दिसते. आजी असती तर म्हणाली असती, अपशकुन तो अपशकुन, त्यावरही भांडायचं?

अलीकडे या चिन्हाला आणखी दोन कामं मिळाली आहेत. मार्च २०१९मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा हजारावा अंक निघाला. त्यात केव्हिन स्मिथ यांनी लिहिलेली आणि जिम ली यांनी काढलेली एक छोटी गोष्ट आहे. ब्रूस वेन काळ्या बाजारात एक जुनं पिस्तूल विकत घेतो. त्याच्या आईवडिलांना ज्याने मारलं तेच. ते तो वितळवतो आणि त्या धातूचा पत्रा करून चिन्हामागे, छातीवर बसवतो. ज्या जागी लोकांनी नेम धरावा असं मिलर म्हणाले होते, त्याच जागी. हे वाचल्यावर मी थोडा वेळ अंक मिटून ठेवला. वरचं चिन्ह कुणीही ओळखेल, आतलं फक्त त्याला माहीत. २०२२च्या सिनेमात मात्र चिन्ह छातीवरून सुटं होतं आणि त्याचं पातं होतं. हातात धरून कापायला उपयोगी. मला ते जरा स्वयंपाकघरातलं वाटलं. पण त्याच सिनेमाच्या शेवटी पुराच्या पाण्यात अडकलेल्या लोकांपुढे बॅटमॅन हात करतो, सगळे बिचकतात आणि तो हात पहिल्यांदा धरतो एक लहान मुलगा. ते पटलं. पोरांना हे आधीपासून ठाऊक आहे.

आमच्या घरी दादाचा मुलगा आहे, वय वर्षं पाच. त्याचा पिवळ्या लंबगोलाचा टी-शर्ट धुऊन धुऊन विटलाय आणि आता बेंबीच्या वर जातो. एकदा मी त्याला विचारलं, “तुला या वटवाघळाची भीती नाही वाटत?” तो म्हणाला, “आत्या, हे वटवाघूळ नाहीये. बॅटमॅन आहे.” वटवाघूळ त्याने आमच्या वडाच्या झाडावर पाहिलंय, त्याची त्याला चांगलीच भीती वाटते.

पुढच्या मापाचा शर्ट घ्यायला आम्ही दोघं बाजारात गेलो. दुकानदाराने पाच-सहा काढून टाकले, सगळे करड्यावर काळे, छातीभर पसरलेले, अणकुचीदार. लंबगोलाचा एकही नाही. हल्ली हाच चालतो म्हणाला. मी एक उचलून त्याच्या अंगाला लावून बघितला, माप बरोबर होतं. त्याने मान खाली घालून छातीकडे पाहिलं आणि शर्ट परत माझ्या हातात दिला.

“हा रात्रीचा बॅटमॅन आहे,” तो म्हणाला. “मला दिवसाचा पाहिजे.”